पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या कॅम्पर गाडीला झाकावे का? ताडपत्री, शिवलेले आवरण आणि सुती टोपी यांचा अनुभव

ताडोबाचे कोअर क्षेत्र दरवर्षी १ जुलैला पर्यटकांसाठी बंद होते आणि १ ऑक्टोबरला पुन्हा उघडते. बफरमधील काही प्रवेशद्वारे पावसाळ्यातही सुरू असतात, परंतु मोहर्लीच्या बाजूला असलेल्या आमच्या गावात पाहुण्यांचा खरा राबता कोअर उघडे असतानाच असतो, आणि त्यामुळे हे तीन महिने आमची कॅम्पर गाडी घरामागच्या सांदवाडीत एका जागी उभी असते. एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही ती तयार करून घेतली. तिच्यात दोन जणांच्या निजण्याची सोय, स्वयंपाकाचा लहानसा ओटा, फ्रीज, ८० लिटर पाण्याची टाकी आणि छतावर दोन सौर पॅनेल आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यानंतर अशा गाड्यांविषयी आमच्याकडे बरीच विचारणा होऊ लागली, आणि ज्यांनी अशी गाडी घेतली त्यांच्यापैकी अनेकांनी मला विचारले आहे की, गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर तिला आवरण घालावे की नाही, आणि घालायचे तर कोणते.

आम्ही आजवर तीन प्रकारची आवरणे विकत घेतली आणि शेवटी टिनाचे शेडही उभारले. माझे मत आधीच सांगते. आमच्या भागात पावसाळ्याच्या दिवसांत गाडीला खालपर्यंत गुंडाळणारे कोणतेही आवरण घालू नये. फक्त छत झाकावे आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मात्र हवा खेळू देणारे शिवलेले आवरण अवश्य वापरावे. या मतापर्यंत येण्यासाठी आम्हाला एक कपाट, एक गादी आणि छताच्या एका कोपऱ्याचा रंग गमवावा लागला, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

या विषयावर जी माहिती सहज हाती लागते, ती बहुतेक अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील गाडीमालकांच्या गरजेतून आलेली आहे. तिथे फिरण्याचा हंगाम उन्हाळ्याचा, आणि थंडी सुरू झाली की गाडी वसंत ऋतूपर्यंत उभी राहते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि नळ्या, पंप, नळ यांना तडे जातात, म्हणून तिथले लोक गाडीतील पाणी पूर्ण काढून नळ्यांमध्ये प्रोपिलीन ग्लायकोलचे, सहजासहजी न गोठणारे गुलाबी द्रावण भरून ठेवतात. छतावर साचलेल्या बर्फाचे पाणी दिवसा सांध्यांत शिरते, रात्री तिथेच गोठते आणि सांधा थोडा थोडा उघडत जातो. अशा हवेत गाडी झाकण्याला मोठे कारण आहे, आणि तरीही तिथले जाणकार साध्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीपेक्षा हवा खेळू देणारे कापड वापरण्याचा सल्ला देतात. आमच्याकडे डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला, तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत केवढी चर्चा झाली. परंतु उभ्या गाडीच्या नळीतील पाणी गोठून नळी फुटावी इतकी थंडी विदर्भात पडत नाही. त्यामुळे त्या देशांतील सल्ल्याचा हेतू समजून घ्यावा आणि वेळापत्रक मात्र आपल्या हवेचे ठेवावे. आमच्या गाडीला त्रास देणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: एप्रिल-मे महिन्यांत ४५ अंशांच्या पुढे जाणारे ऊन, इरई धरणाच्या जलाशयाजवळचा पावसाळी दमटपणा, खाणींची धूळ, वानरे आणि उंदीर.

पहिल्या वर्षी आम्ही गावातल्या प्रत्येक घरी असते तीच वस्तू आणली, म्हणजे प्लॅस्टिकच्या विणीची ताडपत्री. ताडपत्रीची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम या हिशेबाने सांगतात. आम्ही २०० जीएसएमची घेतली, कारण ९० किंवा १२० जीएसएमची एका उन्हाळ्यातच तडकते आणि तिची सालपटे अंगणभर उडतात, ती गाईच्या पोटात जाण्याची भीती असते. गाडी २१ फूट लांब, साडेसहा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच असल्यामुळे ती जमिनीपर्यंत झाकायची तर ४० फूट बाय २६ फुटांची ताडपत्री लागली. एवढी ताडपत्री कोरडी असतानाच १९ किलोंहून अधिक भरते, आणि ती छतावर चढवायला चार माणसे लागतात, हे दुकानात उभे असताना लक्षात येत नाही. दुकानदाराने मात्र प्रामाणिकपणे सावध केले होते. "ताई, हे ताडपत्री पानी अडवते, पन घाम नाई जाऊ देत," असे तो म्हणाला होता. धानाच्या पुंजण्यासाठी ताडपत्री घेणाऱ्यांना तो हेच सांगत असावा, असे समजून मी ते सोडून दिले.

खरे म्हणजे ज्याच्या घरी धान होते त्याला हे वेगळे सांगायला नको. ओलसर धानाच्या पुंजण्यावर ताडपत्री टाकून ती चारही बाजूंनी दाबली, तर आतले धान तापते, काळे पडते आणि कोंब फुटतात. पाऊस थांबला की पहिले काम ताडपत्री उचलण्याचे असते. गाडीच्या बाबतीत आम्ही ताडपत्री उचललीच नाही. कडेच्या रिंगांतून नायलॉनची दोरी ओवून ती खाली ताणली, कडेवर रेतीच्या चुंगड्या ठेवल्या आणि जुलै-ऑगस्टचे दोन महिने गाडी सुरक्षित आहे या समजुतीत राहिलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैल धुऊन झाल्यावर, माझ्या दिरांनी आणि मी एका बाजूची दोरी सोडली. ताडपत्रीची वरची बाजू कोरडी होती, परंतु आतली बाजू पाण्याच्या थेंबांनी भरलेली होती आणि कड उचलताच ते थेंब ओघळून आमच्या हातांवर आले. दार उघडताच ओल्या गोणपाटासारखा वास आला. ओट्याखालच्या कपाटाचे प्लायवूडचे दार फुगून चौकटीत इतके घट्ट बसले होते की ते उघडताना बिजागरी निघून आली. गादीच्या भिंतीकडच्या बाजूवर कापसाच्या पेळूसारखी पांढरी बुरशी होती. खणात पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही राहून गेली होती; तिची पाने एकमेकांना चिकटली होती आणि कडांना हिरवट रंग आला होता. गाडीत बाहेरून पावसाचा एक थेंबही शिरला नव्हता. भाऊजी बराच वेळ छताचे सांधे तपासत होते आणि त्यांना कुठेही गळती सापडली नाही.

ते पाणी आले कुठून, हे नंतर शांतपणे विचार केल्यावर उलगडले. गाडी मुरमाच्या जमिनीवर उभी होती आणि पावसाने भिजलेल्या जमिनीतून वाफ सतत वर येत होती. ताडपत्री जमिनीपर्यंत दाबलेली असल्यामुळे ती वाफ आतच अडकली. रात्री उघड्या आकाशाखाली ताडपत्री आणि गाडीचे लोखंडी छत आजूबाजूच्या हवेपेक्षा लवकर थंड होते, आणि थंड पृष्ठभागाला लागलेली दमट हवा तिथे पाणी सोडते. दिवसा ऊन पडले की तेच पाणी पुन्हा वाफ होऊन सीलच्या फटींतून गाडीच्या आत शिरते. दोन महिने रोज हे चक्र चालले. पावसाचे पाणी वरून येऊन वाहून जाते, परंतु हे पाणी आतच फिरत राहते, आणि म्हणून उघड्यावर भिजणाऱ्या गाडीपेक्षा गुंडाळलेल्या गाडीचे आतून अधिक नुकसान होऊ शकते.

ताडपत्रीचा दुसरा दोष वाऱ्याचा. मृगाच्या आधी जे वावधान सुटते, त्यात तिची मोकळी कड सतत फडफडते. चंद्रपूरहून मोहर्लीकडे येणारा रस्ता दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसा खाणींजवळून जातो, त्यामुळे आमच्या गाडीवर एक बारीक काळसर थर नेहमी असतो, आणि हा थर न धुता आम्ही ताडपत्री टाकली होती. छताच्या पश्चिमेकडील कोपऱ्यावर दोरीच्या गाठीने तो थर घासून घासून रंग उडवला. भाऊजींनी बॅटरीच्या उजेडात तो कोपरा दाखवला, तेव्हा जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढा राखाडी प्रायमर दिसत होता आणि त्याच्या मध्यभागी गंजाचा ठिपका पडला होता. कोणतेही आवरण घालण्याआधी गाडी धुऊन पूर्ण वाळवावी आणि कोपऱ्यांना जुन्या चादरीच्या घड्या बांधाव्यात, ही सूचना कोणत्याही आवरणासोबत छापलेली मिळत नाही, म्हणून ती इथे देते.

दुसऱ्या वर्षी आम्ही गाडीच्या मापाचे आवरण शिवून घेतले. नागपूरच्या एका दुकानाने त्याचे १६,५०० रुपये घेतले. वरचा भाग आतून चंदेरी लेप असलेल्या पॉलिएस्टरचा आणि बाजू तीन थरांच्या न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीन कापडाच्या, अशी त्याची रचना आहे. म्हणजे वरून पाणी येऊ नये आणि बाजूंनी वाफ बाहेर जावी. दोन्ही बाजूंना झाकण असलेल्या वायुवीजनाच्या दोन-दोन खिडक्या आहेत, दाराच्या बाजूला लांब चेन आहे आणि गाडीच्या पोटाखालून पट्टे आवळता येतात. एकट्या माणसाला हे आवरण चढवता येत नसले तरी दोघांना अर्ध्या तासात येते, आणि ताडपत्रीच्या तुलनेत ही मोठी सोय आहे. आतल्या बाजूचे कापड मऊ असल्यामुळे रंगावर ओरखडा पडला नाही.

या दुकानाविषयी माझ्या दोन तक्रारी आहेत. दोन आठवड्यांत देतो म्हणून पूर्ण रक्कम घेतली आणि आवरण पाच आठवड्यांनी दिले, तेव्हा जून संपत आला होता. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. आवरण पूर्णपणे जलरोधक आहे असे त्यांनी तोंडी सांगितले होते, परंतु वरच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली नव्हती. कापड कितीही चांगले असले तरी शिवणीच्या सुईची हजारो छिद्रे उघडी राहिली तर मुसळधार पावसात पाणी तिथून झिरपते, आणि जुलैच्या पहिल्याच झडीत आमच्या सौर पॅनेलच्या कडेने ते झिरपले. मी कळवले तेव्हा शिवण बंद करून देण्याचे वेगळे पैसे मागितले गेले. आवरण शिवायला देणाऱ्या प्रत्येकाने ते ताब्यात घेताना उलटे करून शिवण पाहावी, आणि छतावर पॅनेल, पंखा किंवा एसीची पेटी असेल तर तिचे माप कागदावर लिहून द्यावे. आमच्या आवरणात पॅनेलची उंची धरलेलीच नव्हती, त्यामुळे दोन पॅनेलच्या मधल्या खोलगट भागात कापड बसले आणि तिथे पाण्याचे तळे होऊ लागले. एका चौरस मीटरवर ५ सेंटिमीटर पाणी साचले तरी त्याचे वजन ५० किलो होते, हे लक्षात घेतले म्हणजे अशा तळ्याची काळजी का करायची ते समजेल.

शिवण आम्हीच सिलिकॉनने बंद केली आणि पॅनेलवर बांबूच्या कमानी बांधून कापडाला उतार दिला. तरीही पावसाळ्याच्या अखेरीस आत थोडा कोंदट वास होताच. बुरशी पहिल्या वर्षीइतकी नव्हती, फक्त सीटच्या पट्ट्यांवर आणि स्टीअरिंगवर दिसली. न विणलेले कापड वाफ बाहेर जाऊ देते हे खरे, परंतु बाहेरची हवाच आठ-आठ दिवस ओलीचिंब असेल तर वाफ जाणार कुठे? कापडाच्या बाजू सतत भिजलेल्या राहतात, धुळीचा चिखल त्यांच्या छिद्रांत बसतो आणि त्यांची हवा खेळू देण्याची शक्ती आपोआप कमी होते. मी या आवरणाला पावसाळ्यासाठी दहापैकी चारच गुण देईन.

उन्हाळ्यासाठी मात्र तेच आवरण मला अतिशय उपयोगी वाटले. मे महिन्यात मधले दहा-बारा दिवस गाडीला फेरी नसते. अशा एका दुपारी तीन वाजता, सावलीत ४३ अंश असताना, आवरण न घातलेल्या गाडीत ठेवलेल्या डिजिटल थर्मामीटरने ५३ अंश दाखवले; दुसऱ्या दिवशी साधारण तितकेच ऊन असताना आवरण घातलेल्या गाडीत ४६ अंश होते. हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नाही, परंतु सात अंशांचा फरक सनमायकाच्या डिंकाला आणि डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकला जाणवतो. उन्हातील अतिनील किरणे छताच्या सांध्यांवरचे सीलंट ठिसूळ करतात, आणि पावसाळ्यात जी गळती दिसते तिचे मूळ अनेकदा आधीच्या उन्हाळ्यात तडकलेल्या सीलंटमध्ये असते. त्या दृष्टीने पाहिले तर उन्हाळ्यात घातलेले आवरण पावसाळ्यातच कामी येते. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले टपटपतात; त्यांचा चिकट रस टिनावर आणि रंगावर वाळला की खरवडावा लागतो. आमच्या सांदवाडीतल्या मोहाखाली उभी असलेली गाडी या आवरणामुळे स्वच्छ राहिली.

हिवाळ्यातही हेच आवरण घालावे. आमच्याकडे हिवाळ्यात गाडी सहसा मोकळी नसते, परंतु ज्यांची गाडी केवळ घरच्या फिरण्यासाठी आहे आणि दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत उभी राहते, त्यांना हे उपयोगाचे आहे. त्या दिवसांत हवा कोरडी असते, पहाटेचे दव सकाळी नऊ-दहापर्यंत वाळून जाते आणि आत ओल धरत नाही. उलट धानाच्या मळणीचा भुसा आणि मूलसारख्या ठिकाणी भातगिरण्यांतून उडणारी राख वाऱ्यावर येते, ती आवरणामुळे खिडक्यांच्या फटींत जात नाही. आठवड्यातून एकदा ऊन असताना चेन उघडून दार तासभर मोकळे ठेवले की पुरे. हिवाळ्यासाठी या आवरणाला मी दहापैकी आठ गुण देते, आणि उरलेले दोन वानरांमुळे कापले आहेत.

वानरांचा प्रश्न खरोखर गंभीर आहे. ज्यांच्या घरावर कवेलू आहेत त्यांना वानरांचा कळप एका उडीत काय करतो हे ठाऊक आहे. मोहाच्या फांदीवरून ती थेट गाडीच्या छतावर उतरतात, आणि न विणलेले कापड त्यांच्या बोटांना सहज फाटते. आमच्या आवरणाला पहिल्याच वर्षी तीन ठिकाणी ठिगळे लावावी लागली. उंच फांदीखाली गाडी उभी करायची असेल तर हे महागडे आवरण घेऊ नये, एवढेच मी सांगू शकते.

तिसऱ्या वर्षी आम्ही वेगळा मार्ग घेतला. पावसाळ्यापूर्वी ट्रकवर टाकतात त्या मेण लावलेल्या सुती कॅनव्हासची एक टोपी शिवून घेतली. ती छत झाकते आणि भिंतींवर केवळ दीड फूट खाली येते. बाजू, दारे आणि पोट पूर्ण मोकळे राहते. भद्रावतीच्या बाजारात ताडपत्र्या शिवणाऱ्या एका वयस्क कारागिराने ती शिवली. त्याने मापासाठी स्वतः गावात येऊन छतावर चढून पाहिले आणि प्रत्येक कोपऱ्याला आतून चामड्याचा तुकडा लावला, त्याबद्दल आम्ही कुटुंबातील सर्वजण त्याचे ऋणी आहोत. सुती कॅनव्हासचा गुण असा की पाऊस लागला की सूत फुगते आणि विणीतली छिद्रे मिटतात, आणि ऊन पडले की सूत आक्रसून ती पुन्हा उघडतात, त्यामुळे खालची वाफ निघून जाते. कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखात या कापडाचा विचार आम्हाला इतक्या उशिरा सुचला याचे वाईट वाटते. त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. भिजल्यावर ते फार जड होते. ओले असताना घडी घालून ठेवले तर कुजते. आणि साबणाने धुतले तर मेण निघून जाते, म्हणून ते केवळ साध्या पाण्याने आणि मऊ कुंच्याने धुवावे. टोपी छताला चिकटू नये म्हणून खाली बांबूच्या पाच कमानी ठेवल्या, त्यामुळे छत आणि कापड यांच्यामध्ये वीतभर जागा राहिली आणि वारा आरपार गेला. त्या पोळ्याला दार उघडले तेव्हा गाडीत फक्त कडुनिंबाच्या पाल्याचा वास होता, जो आम्ही गादीखाली ठेवला होता.

त्यानंतर पुढच्या उन्हाळ्यात टिनाचे शेड उभारले. त्याला ९२,००० रुपये खर्च आला, आणि एवढा खर्च केवळ गाडीसाठी करावा का, यावर घरात बरीच चर्चा झाली. सासूबाईंचे म्हणणे होते की, ऑक्टोबरमध्ये गाडी बाहेर पडली की तिथे धान आणि सोयाबीन ठेवता येईल, आणि त्या मुद्द्यावर निर्णय झाला. शेड चारही बाजूंनी उघडे आहे, मध्ये १२ फूट उंच आहे आणि पश्चिमेकडचा उतार तीन फूट पुढे काढला आहे, कारण पावसाचा मारा बहुधा त्याच बाजूने येतो. खाली मुरमावर सिमेंटचा सहा इंचांचा ओटा केला, त्यामुळे जमिनीची वाफ गाडीपर्यंत पोहोचत नाही. मला विचाराल तर वाफेच्या दृष्टीने ओट्याचे महत्त्व टिनाइतकेच आहे. शेडखाली गाडीला आता काहीही घालत नाही. फक्त पश्चिमेच्या बाजूला जुन्या ताडपत्रीचा पडदा टांगला आहे, जो जमिनीपासून दोन फूट वर संपतो. छतावरचा झडपेचा पंखा जाळीसह बोटभर उघडा ठेवतो.

ज्यांच्याजवळ शेडसाठी जागा किंवा पैसा नाही, त्यांनी सुती टोपी शिवून घ्यावी. तीही शक्य नसेल तर पावसाळ्यात गाडी सरळ उघडी ठेवावी, परंतु त्याआधी छताचे सर्व सांधे तपासून ताजे सीलंट भरावे आणि गाडीचे तोंड किंचित उताराकडे करावे, म्हणजे छतावर पाणी साचणार नाही. उघड्या गाडीचा रंग थोडा फिका पडेल, तो पुढे पॉलिश करता येईल. आतून कुजलेले प्लायवूड मात्र काढून फेकावेच लागते.

आवरणाशी निगडित एक बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, ती सौर पॅनेलची. छत झाकले की पॅनेलला ऊन मिळत नाही आणि बॅटरी चार्ज होणे थांबते, परंतु गाडीतील घड्याळ, गॅसचा सूचक, रेडिओ यांसारख्या वस्तू थोडी थोडी वीज घेतच राहतात. आमची पहिली लेड-अॅसिड बॅटरी अशीच पूर्ण उतरून खराब झाली. आता आम्ही निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवतो आणि पंधरा दिवसांतून एकदा चार्जर लावतो. त्याच दिवशी फ्रीजचे दार उघडे आहे ना, पाण्याची टाकी रिकामी आहे ना आणि चुन्याच्या डब्यांची काय स्थिती आहे, हे पाहून घेतो. ओल शोषण्यासाठी आम्ही कळीचा चुना पत्र्याच्या डब्यात अर्ध्यापर्यंत भरून, वर कापड बांधून ठेवतो. त्याला पाणी लागले तर तो तापतो आणि हाताला लागला तर भाजतो, म्हणून मुलांच्या हाती लागणार नाही अशी जागा निवडावी. गॅसचे सिलिंडर गाडीतून काढून ठेवतोच. हँडब्रेक ओढून ठेवत नाही, कारण ओलीत ब्रेक चिकटतो. चाकांना लाकडी ठोकळे लावतो आणि टायरांवर गोणपाट टाकतो.

उंदीर आणि साप यांच्या बाबतीतही जमिनीपर्यंत आलेले आवरण वाईट ठरते. अंधार, ऊब आणि कोरडी जागा उंदराला हवीच असते, आणि उंदराच्या मागे साप येतो. पहिल्या वर्षी ताडपत्री उचलताना चाकाजवळ कात सापडली होती. तेव्हापासून घरातील कोणीही काठीने कड हलवल्याशिवाय आवरणाला हात लावत नाही. बाजू मोकळ्या असल्या की गाडीखाली उजेड राहतो, मांजर फिरते आणि आपल्यालाही वाकून पाहता येते. वायरिंगला उंदराचे दात लागण्याचा प्रकार शेड झाल्यापासून आमच्याकडे घडलेला नाही.

शेवटी किमतीविषयी. २०० जीएसएमच्या मोठ्या ताडपत्रीला आम्हाला ४,८०० रुपये लागले, शिवलेल्या आवरणाला १६,५०० आणि सुती टोपीला कमानींसह ११,००० रुपये. ताडपत्री आता धान झाकण्याच्या आणि पडद्याच्या कामी येते, तिथे ती उत्तम आहे. शिवलेले आवरण उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वापरतो. टोपी गेल्या वर्षी शेजारच्या गावातील एका कुटुंबाला त्यांच्या गाडीसाठी दिली, कारण त्यांच्याकडे शेड नाही. त्यांची गाडी आमच्यापेक्षा दीड फूट आखूड असल्यामुळे कारागिराने ती पुन्हा मापात आणून दिली. ज्यांना अशी टोपी शिवून घ्यायची असेल त्यांनी अक्षय्य तृतीयेच्या सुमारासच काम सांगावे. एकदा मृग नक्षत्र जवळ आले की ताडपत्री शिवणाऱ्यांकडे शेतकऱ्यांची रांग लागते, आणि धान, बियाणे व खते झाकण्याचे काम गाडीच्या आधी झाले पाहिजे, असे तो कारागीर स्पष्ट सांगतो.